मालक अ‍ॅरिझोनात राहतात

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. लग्नाआधीची गोष्ट, म्हणून विषय निघाला नाही — असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं तर दर दिवाळीला विषय निघतो. मीच तो दुसरीकडे नेतो.

आधी व्यवहार सांगतो, तो सांगायला सोपा आहे. आईबाबांबरोबर ग्रीन कार्डवर इथे अमेरिकेत आलो, कॉलेजात मन लागेना, इथल्याच आर्मीत भरती झालो. शौर्य वगैरे काही नाही, गोदामात सामान मोजलं. बाहेर पडल्यावर कळलं की आमच्यासारख्या माजी सैनिकांना घरासाठी व्हीए लोन मिळतं. डाउन पेमेंट शून्य. अट ही, की त्या घरात स्वतः राहायला जायचं. पण घर डुप्लेक्स, म्हणजे मधल्या भिंतीने जोडलेली दोन घरं, असलं तरी चालतं — अर्ध्यात आपण, अर्ध्यात भाडेकरू. वर्षभराने आपण निघायचं, दोन्ही भाग भाड्याने द्यायचे आणि तसंच लोन काढून पुढचं घर बघायचं. सगळं कायदेशीर. कॅरी गावात मी पहिलं डुप्लेक्स घेतलं तेव्हा आर्मीतल्या एका मित्राने बजावलं, भाडेकरूंना कळू देऊ नकोस की मालक तूच आहेस, नाहीतर नळ गळला तरी दार वाजवतील.

दुसऱ्या अर्ध्यात आधीपासून एक मराठी जोडपं राहत होतं, नागपूरकडचं. मी खोकी उतरवत होतो तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. "तू पण नवीन भाडेकरू का रे? घर विकलं म्हणतात. नवे मालक कुठे असतात?"

"अ‍ॅरिझोनात," मी म्हणालो.

अ‍ॅरिझोनाच का? मी तिथे कधी गेलोही नव्हतो.

मग ते वाढत गेलं. मालकाच्या नावाने मी एक ईमेल काढला. भिंतीपलीकडून काकांची तक्रार यायची, अलीकडून मी मालक होऊन उत्तर द्यायचो — सभ्य, जरा कोरडं. आणि संध्याकाळी काकूंकडे भरीत-भाकरी खाताना त्याच मालकाला नावं ठेवायचो. मजा यायची, हो. खोटं कशाला बोलू?

दिवाळीत काकूंनी फराळाचे दोन डबे दिले. एक माझा, एक मालकांना कुरिअर कर म्हणाल्या, चांगला माणूस दिसतो. तो मीच खाल्ला. डबा अजून घरात आहे, बायको त्यात रवा ठेवते.

वर्ष संपत आलं. पुढच्या घरासाठी मला या घराचं भाडं वाढायला हवं होतं आणि काकूंचं भाडं जुन्या मालकाच्या काळातलं होतं. नुसतं भाडं वाढवून बघता आलं असतं. पण मला तिथे नवं किचन करायचं होतं, आयटीतलं एखादं जोडपं ठेवायचं होतं. मी मालकाच्या ईमेलवरून घर सोडायची नोटीस पाठवली. पाठवताना पलीकडे कुकरची शिट्टी होत होती.

आता हे सांगायला हवं — ते घर काकूंना कशासाठी हवं होतं, हे मला पूर्ण माहीत होतं. त्यांची मुलगी फार्मा कंपनीत शिफ्टमध्ये काम करायची, एकटीने पोर वाढवत होती. नातीची स्कूल बस बरोबर आमच्या दारात थांबायची. काकूंना गाडी चालवता येत नव्हती. घर गेलं की नातीला सांभाळणं गेलं.

काकू माझ्याकडेच आल्या. तू आर्मीतला, तुझं इंग्लिश चांगलं, मालक तुझं ऐकेल, एक फोन कर ना बेटा. तेव्हा तरी सांगायचं होतं, नाही का? मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या बघत होत्या, म्हणून मी बंद फोन कानाला लावला आणि येरझाऱ्या घातल्या. हातवारे केले. मध्ये गप्प राहिलो — पलीकडचा बोलतोय तेवढा वेळ. मग आत येऊन सांगितलं, "नाही म्हणाले, काकू. खूप समजावलं."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी माझाच हात थोपटून म्हणाल्या, तुझ्याने जेवढं झालं तेवढं तू केलंस.

ते गेले. दूर एका अपार्टमेंटमध्ये. नात शाळेनंतर डे-केअरला जायला लागली. मला दुसरं घर मिळालं, पुढे तिसरं.

ते गेल्यावर महिन्याभराने काकूंचा फोन आला होता. मी त्यांच्याच रिकाम्या स्वयंपाकघरात उभा होतो, नवी कपाटं बसत होती.

"अरे, इथे आमच्या शेजारची जागा रिकामी होतेय. मॅनेजरबाईला तुझं नाव सांगून ठेवलंय. आम्हाला काढलं, तो माणूस उद्या तुलाही काढेल."

"बघतो काकू," मी म्हणालो. फोन ठेवला आणि सुताराला सांगितलं, वरचं कपाट जरा खाली घे.