ड्रुसिलाचे एकतीस मासे

आमच्या स्केट कोव्ह गावात नदीवर प्रेम करणाऱ्यांची कधीच टंचाई नव्हती. एल्डन पेनीचं प्रेम तर विचारूच नका. कोटावर सॅल्मन माशाचा चांदीचा बिल्ला, गाडीवर सॅल्मनचं चित्र, नदी संवर्धन समितीचं अध्यक्षपद, सगळं त्याच्याकडेच. काठावरचं लॉजही त्याचंच. टोरांटो-बॉस्टनचे पैसेवाले तिथे गळ टाकायला यायचे आणि मी, व्हायोला, बावीस उन्हाळे त्यांच्यासाठी पाव भाजत होते. त्यामुळे निसर्गप्रेमाच्या गप्पा मी पोटभर ऐकल्या आहेत.

ड्रुसिला रिडआउटकडे बिल्ला नव्हता. ती नदीची राखणदार. जून ते सप्टेंबर, मत्स्य खात्याच्या कंत्राटावर. समुद्रातला कॉड मासा संपला तेव्हा ती मासळीच्या कारखान्यात सुरी चालवत होती. नवऱ्याची होडी किनाऱ्यावर पालथी पडली, ती पडलीच. ‘कॉड भरपूर आहे’ असं शेवटच्या दिवसापर्यंत छातीठोकपणे सांगणारी माणसं तिला नावानिशी पाठ होती. आता तीच माणसं सॅल्मनबद्दल छातीठोकपणे बोलत होती.

पहिल्याच वर्षी तिने नदीत चोरून मासे धरणाऱ्या सख्ख्या दिराला जाळ्यासकट पकडून दिलं. गावाने तिच्याशी बोलणं टाकलं. दुकानात ती शिरली की लोक बाजूला व्हायचे.

“वा, आज रांगच नाही!” म्हणत ती चहाची डबी उचलायची.

चार वर्षांपूर्वीचा जुलै भयंकर तापला. नदी इतकी उतरली की मधले दगड उघडे पडले. नियम साधा आहे. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की गळ बंद. गरम पाण्यात सॅल्मनला आधीच धाप लागलेली असते. त्यात त्याला दहा मिनिटं ओढलं, फोटोसाठी हवेत धरलं, तर सोडून दिल्यावरही तो जगेलच असं नाही.

पाणी मोजायचं खात्याचं यंत्र पुलाखाली बांधलेलं होतं. एका सकाळी एल्डन कमरेपर्यंत भिजून स्वयंपाकघरात आला.

“आज लवकर पाण्यात उतरलास?” मी विचारलं.

“यंत्राला जरा गार हवा दाखवून आणली,” तो डोळा मारून म्हणाला. “व्हायोला, पाहुण्यांना जादा पाव ठेव. आठवडाभर मुक्काम आहे.”

यंत्र त्याने थंड ओढ्याच्या तोंडाशी नेऊन बांधलं होतं. तिथे झऱ्याचं पाणी येतं. आता गंमत बघा, उन्हाने हैराण झालेले सगळे सॅल्मनही तिथेच येऊन दाटले होते. म्हणजे यंत्र सांगत होतं अठरा, नदी उघडी, आणि पाहुण्यांना गळ टाकायला जागाही तीच. त्यातला एकही मासा कुणी खायला घेतला नाही, हे खरं. सगळे सोडून देत होते. संध्याकाळी त्याबद्दल एकमेकांचं कौतुक करत होते.

मला सगळं माहीत होतं आणि मी पाव भाजत होते. मी कुणाला नावं ठेवते आहे, हे मला कळतं.

ड्रुसिलाने पुलाखाली स्वतःचा तापमापक बुडवला. तेवीस. तिने खात्याला फोन केला.

“आमच्याकडे अठरा येतंय, बाई,” तिकडचा माणूस म्हणाला. “तुमचा तापमापक बिघडला असेल.”

“मग माझ्या पायाची कातडीही बिघडली असेल. दोन तास पाण्यात उभी आहे मी.”

त्याने तक्रार नोंदवून घेतो म्हणून फोन ठेवला.

चौथ्या दिवशी आम्ही नाश्ता वाढत होतो. ड्रुसिलाची जुनी पिकअप थेट लॉजच्या दारात येऊन थांबली. ती उतरली आणि मागून मासे काढून पायऱ्यांवर ओळीने मांडायला लागली. चंदेरी, मोठे, मेलेले सॅल्मन. खालच्या संथ पाण्यात पोट वर करून तरंगताना तिला सापडलेले. एकतीस. कित्येकांच्या ओठात गळाची ताजी भोकं होती.

पाहुणे कॉफीचे कप घेऊन बाहेर आले. त्यातला एक, मोठ्या कंपनीचा मालक, अगदी दुखावल्या आवाजात म्हणाला, “पण मी तर माझा सोडला होता! छान पोहत गेला तो.”

“गेला ना,” ड्रुसिला म्हणाली. “इथवर गेला. बघा, ओळखता येतो का. फोटो असेलच तुमच्याकडे.”

एल्डन लालबुंद झाला. “ड्रुसिला, हे घेऊन चालती हो!”

“मी कशाला नेऊ? तुम्हीच सोडलेले आहेत.”

मग त्याने काय करावं? मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्याला फोन केला. परवान्याची खूणपट्टी नसलेला एक सॅल्मन बाळगणंसुद्धा गुन्हा, आणि हिच्याकडे एकतीस! अधिकारी दुपारी आला, पायऱ्यांवर उभं राहून त्याने खटल्याचा कागद लिहिला. नदीच्या राखणदारावर, मासे चोरल्याचा. ड्रुसिलाने कागद वाचला, “आकडा बरोबर लिहिलास, शाबास,” म्हणाली आणि निघून गेली. मी दारात ओल्या हातांनी उभी होते. मग आत जाऊन पुन्हा पाव भाजायला लागले.

ऑक्टोबरात खटला उभा राहिला. तोवर मला झोप लागेनाशी झाली होती, म्हणून गेले. फार शौर्य होतं असं नाही. यंत्राची गोष्ट न्यायाधीशांसमोर सांगितली. ड्रुसिला सुटली. माझी नोकरी त्याच दिवशी सुटली.

एल्डनचं काय झालं? अध्यक्षपद सोडावं लागलं. समितीने त्याला निरोपाची मेजवानी दिली आणि ‘नदीसेवेबद्दल’ एक पितळी पाटी भेट दिली. आता तो जिल्ह्याच्या समितीवर आहे. खात्याने ड्रुसिलाचं कंत्राट पुन्हा केलं नाही. म्हणे जागाच रद्द झाली.

पुढच्या जूनमध्ये तिने पुलाच्या कठड्याला काळा फळा बांधला. रोज सकाळी पाणी मोजून आकडा खडूने लिहायची, हातभर मोठा. लॉजकडे जाणारी प्रत्येक गाडी तो वाचूनच पुढे जायची. दोनदा कुणीतरी फळा नदीत फेकला, दोनदा तिने नवा बांधला. शेवटी लाजेकाजेस्तव खात्याने यंत्र पुलाखाली परत आणलं, लोखंडी पेटीत, कुलूप लावून. त्या उन्हाळ्यात नदी एकोणीस दिवस बंद राहिली.

मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने दार अर्धंच उघडलं होतं.

“ड्रुसिला आत्या, मदतीला येऊ का?” मी विचारलं. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आत्याच म्हणतात.

“तीन महिने तोंड शिवून बसली होतीस. आता उमाळा आला?”

“आला.”

“बूट फाटके आहेत तुझे. बदलून ये.”

तेव्हापासून मी तिच्याबरोबर जाते. ती सत्तरी ओलांडून गेली आहे, उतारावर माझा खांदा धरते आणि धरला नाही असं दाखवते. यंदा मासे मोजायला नदीत घातलेल्या कुंपणातून सातशे दोन सॅल्मन अंडी घालायला वर गेले, गेल्या वर्षीपेक्षा चौदा जास्त. मी खूश होऊन तिला सांगायला धावले.

“चौदा,” ती म्हणाली. “नाचू नकोस. एल्डन भाषण करेल यावर.”

त्याने केलंच.