तांबड्या गोलाची झडती

माझे धाकटे दीर केशवभाऊजी चित्रकार होते आणि त्यांच्या चित्रात काहीही नसे. माणूस नाही, झाड नाही, गणपतीसुद्धा नाही! नुसते त्रिकोण, पट्टे आणि एखादा तांबडा गोल. "वहिनी, मी रंगांचं वजन शोधतोय," म्हणायचे. (दळणाचा डबा उचलायला मात्र मीच!)

त्रेचाळीस साल होतं. साताऱ्याकडे रूळ उखडले जात होते आणि आमच्या कराडात घरोघर झडत्या चालल्या होत्या. एका सकाळी फौजदार हवालदाराला घेऊन सोप्यात शिरले आणि भिंतीवरच्या चित्रापुढे थबकले.

"हे काय?"

"चित्र," भाऊजी म्हणाले.

"कशाचं?"

"कशाचंच नाही."

हवालदार पुढे वाकला. "सायेब, ह्यो काळा पट्टा म्हंजी रूळ. त्रिकोण म्हंजी पूल. आन् तांबडा गोल... हितंच सुरुंग! नकाशा हाय ह्यो!"

बेड्या निघाल्या. आमचे 'हे' पलटणीत, घरात मोठी मीच. जे सुचलं ते बोलले, "अहो साहेब, हा गोधडीचा नमुना! मीच काढून घेतलाय."

"गोधडीचा?" फौजदार नव्हे, भाऊजी किंचाळले! "सहा महिने खपलोय मी यावर!"

"भाऊजी, गप बसा!"

फौजदारांनी खुर्ची ओढली. "मग शिवून दाखवा. आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर हे तुमचे भाऊजी चालले तुरुंगात."

आमच्या गोधड्या शेजारच्या हौसाकाकू शिवत. मी फक्त पांघरत असे. तरी जुनं लुगडं मांडीवर घेतलं, तांबडा गोल कापला (तो अंड्यासारखा झाला) आणि सुई चालवली.

"बाई, त्रिकोणाला चार कोपरं कसं वो?" हवालदार.

"धुतल्यावर आटतो एक!"

तेवढ्यात खांद्यावरून भाऊजी, "वहिनी, काळा जरा डावीकडे घ्या. तोल जातोय."

बेड्या समोर लटकताहेत आणि ह्यांना तोल!

तासाभराने फौजदार म्हणाले, "बघू, आणा इकडे."

मी ताठ मानेने उठले. गोधडीही माझ्याबरोबर उठली! मी ती नेसत्या लुगड्यालाच शिवून टाकली होती.

हवालदार तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाला. फौजदारांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चित्राकडे. मग उठले. "बाई, कट करणारी माणसं याहून बरं खोटं बोलतात. चला रे!"

पुढे स्वातंत्र्य आलं. लढ्यात तुमच्या घराने काय केलं, असं कुणी विचारलं की मी खरं तेच सांगते: मला शिवण येत नव्हतं!