डावी बाजू दस्तगीरची

दस्तगीर गेल्याची बातमी मला टांगेवाल्यानं दिली. पुतणीच्या लग्नासाठी कबनूरला गेलो होतो. परत आल्यावर स्टेशनाबाहेर टांग्यात बसलो आणि नेहमीच्या सवयीनं म्हणालो, "गंगावेशीकडं घे, रंगाऱ्याच्या हौदापाशी." टांगेवाला तरुण होता. त्यानं मागं वळून बघितलं. "कुठला हौद वो? तितं कुटं हौद हाय?" मग त्याचं त्यालाच काहीतरी आठवलं. "म्हाताऱ्या रंगारीबाबाच्या घराजवळ म्हन्तासा व्हय? बाबा गेलं की परवा." एवढं बोलून त्यानं घोड्याला हाक दिली. त्याची काय चूक? त्याला कुठं ठाऊक होतं, तो कुणाला सांगतोय ते... दस्तगीरच्या घरी पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. त्याचा मुलगा इब्राहिम दारात उभा होता. "काका, तुमची वाट बघितली, पर ठेवनार किती?" मी बरं म्हणालो.

त्यानंतर काही आठवड्यांनी या साप्ताहिकाच्या संपादकांनी मला आमच्या जुन्या गल्लीवर चार शब्द लिहायला सांगितले. हल्ली सगळा व्यापार स्टेशनाकडं गेला, जुन्या पेठेत कोण कोण होतं ते नव्या लोकांना कळावं, असा त्यांचा चांगला हेतू. मी मोठ्या ऐटीत लिहायला बसलो आणि कळलं की मला अर्धीच गल्ली येते. उजवी बाजू घडाघडा आठवते, डावीकडं वळलं की सगळा अंधार. कारण डावी बाजू माझी नव्हतीच, दस्तगीरची होती.

ते असं. माझ्या वडलांचं कापडाचं दुकान नदीकडून येताना उजव्या हाताला, आणि दस्तगीरच्या वडलांचा रंगाचा कारखाना बरोबर समोर. कारखाना म्हणजे काय, चार दगडी हौद, वर पत्रा, आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले फेटे. मधल्या रस्त्यानं दिवसभर गुळाच्या गाड्या जायच्या. चाकाखाली जाशील म्हणून माझी आई मला पलीकडं जाऊ द्यायची नाही आणि त्याची आई त्याला. आम्ही दोघं आपापल्या बाजूनं वाढलो आणि एकमेकांना वाकुल्या दाखवत दोस्त झालो. बैलांच्या अंगावरून.

प्लेगाच्या साली सगळं गाव वेशीबाहेर झोपड्यांत राहायला गेलं. परत आलो तर गल्लीतल्या कितीतरी दुकानांच्या फळ्या उघडल्याच नाहीत. कोण गेलं, कोण दुसऱ्या गावी लागलं, विचारायची सोय नव्हती. त्या दिवसांत एका संध्याकाळी आम्ही हौदाच्या काठावर बसलो होतो आणि दस्तगीर म्हणाला, "आप्पा, तू तुझी बाजू म्हण, मी माझी म्हन्तो." मी नदीकडून सुरुवात केली, उजवीकडं पहिला तेल्याचा घाणा. तो म्हणाला, डावीकडं पहिली कुंभाराची खोली. असं एक माझं, एक त्याचं करत आम्ही गल्लीच्या वरच्या टोकाला पोचलो. बंद फळ्याही म्हटल्या, उघड्याही म्हटल्या. त्या दिवशी आम्ही दोघंही रडलो, हे सांगायला लाज कसली? पुढं तो रोजचाच नेम झाला. लोक भजनं म्हणतात, आम्ही गल्ली म्हणायचो.

मला त्याच्या बाजूला नाक खुपसायची खोड होती. त्याच्या कोपऱ्यावर तांबट होता की लोहार, यावरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. "तांबट व्हता! ठोक्याचा आवाज अजून कानात हाय माझ्या. लोखंडाचा आवाज असा बारीक येतोय व्हय रं? तू तुझ्या बाजूचं बोल की!" आवाज एवढा, की पलीकडच्या बोळातल्या बायका बघायला यायच्या, हे म्हातारे आता हाणामारीवर येतात की काय म्हणून.

पुढं महाराजांनी स्टेशनाकडं बसवलेली नवी पेठ वाढत गेली, गुळाच्या गाड्या तिकडं वळल्या, गिरणीचा भोंगा वाजू लागला. मीही दुकान तिकडं नेलं. दस्तगीर चिडला. "झालास टेसनवाला! आता आमच्याशी बोलायला तिकीट काढावं लागंल व्हय?" तो स्वतः जागचा हलला नाही. डब्यातली विलायती रंगाची पूड आली, घरोघरी बायका बादलीत कापड बुडवू लागल्या आणि त्याच्याकडं फक्त लग्नाचे फेटे उरले. एकेक करत तीन हौद बुजले. चौथा बुजवला त्या संध्याकाळी मी गेलो तर तो नुसता बसून होता. आम्ही त्या दिवशी गल्ली म्हटली नाही.

एकदा नेसरीचे एक पाहुणे पत्ता विचारत आले. त्यांना कुणा सोयऱ्याचं घर हवं होतं. आम्ही दोघांनी मोठ्या उत्साहानं सांगितलं: घाण्यापासून वर चला, कासाराचं दुकान सोडा, पिंजाऱ्यापाशी वळा. बऱ्याच वेळानं ते घामाघूम होऊन परत आले. "पावण्याची गंमत करतासा व्हय? यातलं एक बी दुकान न्हाय तितं!" आम्ही एकमेकांकडं बघितलं. खरंच नव्हतं. सगळी केव्हाच गेलेली, पण सांगताना आम्हा दोघांनाही ती समोर दिसत होती. दस्तगीर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि पाहुण्यांना स्वतः पोचवून आला. आल्यावर मात्र हसत नव्हता. म्हणाला, "आप्पा, आपण दोघंच ऱ्हायलो की रं..."

आता मी एकटा राहिलोय. घरात मुलं आहेत, सुना आहेत, दुकानात माणसांची ये-जा आहे, तरी मी एकटा आहे. दिवेलागणीला पाय आपोआप गंगावेशीकडं वळतात. चालताना मनात म्हणू लागतो, उजवीकडं घाणा... आणि थांबतो. पुढचं समोरून यायला हवं, ते येत नाही. कुंभार आठवतो, तांबट आठवतो, भांडलो होतो म्हणून. बाकीची घरं मी हजारदा ऐकली, पण पाठ कशाला करू? ती सांगायला तो होता ना.

गेल्या आठवड्यात इब्राहिमकडं गेलो. त्यानं बाहेर कट्ट्यावर घोंगडं टाकलं, शेजारचे दोघेतिघे येऊन टेकले. इब्राहिम म्हणाला, "काका, जुनं सांगा की. अब्बांच्यासारखं." मी सुरुवात केली. उजवी बाजू झाली. डावीकडं आलो आणि अडलो. सगळे वाट बघत होते. मग मला काय सुचलं कोण जाणे, दाराकडं तोंड करून, दस्तगीर आत असल्यासारखं, मोठ्यानं म्हणालो, "डावीकडं तिसरं घर माहुताचं. दारात हत्ती बांधलेला असायचा." निव्वळ थाप. त्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला माघारी जावं लागायचं, हत्ती कसला वळतोय! एवढी थाप दस्तगीरनं जन्मात खपवून घेतली नसती.

"हत्ती व्हता व्हय?" इब्राहिम म्हणाला. "अब्बा कदी बोललं न्हाईत." शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, असंल की, त्या काळी काय नव्हतं! मी आणखी थोडा वेळ तसाच बसून राहिलो, कुणीतरी मला खोटं पाडेल या आशेनं.