पंधरा इंची स्पीकर आणि आप्पांची दोन बोटं

आमच्या भागात आवाजाची परीक्षा अंतरावर होते. निपाणीत लावलेला स्पीकर बोरगावात ऐकू गेला तर तो चांगला. वेशीतच थांबला तर मालकाला तोंड दाखवायची सोय नाही. अशा मुलखात राहून मी बेस गिटार वाजवायला घेतली, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

बेस गिटारला चारच तारा असतात, त्याही जाड. कार्यक्रम संपला की कोणीतरी हमखास विचारायचं, "उरलेल्या दोन तारा कुठं गेल्या रं?" त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला, "तू नेमकं वाजीवतोस काय? ऐकू तर येत न्हाय." आमचा ऑर्केस्ट्रा हौशी होता. अर्धी गाणी मराठी, अर्धी कन्नड आणि श्रोत्यांत बाचाबाची सुरू झाली की हिंदी. पुढं गायक, मधे पेटी आणि ढोलक, आणि सगळ्यांत मागं पडद्याला टेकून मी आणि माझा अँप्लिफायर.

तो मी बेळगावच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतला होता. व्हॉल्व्हचा, विलायती, लहान कपाटाएवढा. आत एकच स्पीकर, पंधरा इंची. त्यातून निघालेला आवाज कानाच्या आधी छातीला कळायचा. त्या आवाजावर माझा जीव होता. बाकी कोणाचा नव्हता, हे मान्य करतो.

घरात तर नव्हताच. माझे वडील, आप्पा, हायस्कुलात शिपाई होते आणि आमच्या घरात 'वाजवणं' हा शब्द चालत नसे. त्याचं कारण मला आईनं सांगितलं, आप्पांनी कधीच नाही. सदलग्याजवळच्या आमच्या मूळ गावी तरुणपणी गावकीची हलगी आप्पांच्या गळ्यात होती. वरात असो, मयत असो, दवंडी असो, बोलावणं आलं की हातातला घास टाकून जायचं, सगळ्यांच्या पुढं चालत वाजवायचं आणि जेवायला मात्र सगळ्यांच्या शेवटी, लांब बसायचं. समाजानं बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा आप्पांनी हलगी दूधगंगेत सोडली आणि निपाणी गाठली. त्यानंतर त्यांनी वाजवली ती फक्त शाळेची घंटा, आणि तिचा त्यांना पगार मिळत होता.

मी गिटार घरी आणली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आमी नदीत सोडलं, ते तू इकत आनलंस."

मी त्यांना समजावलं. हे विलायती वाद्य आहे, इथं मानानं बोलावतात, गेल्या गेल्या चहा देतात.

"चा आमालाबी द्यायचे," आप्पा म्हणाले. "वरनं वतून."

तरी मी वाजवणं सोडलं नाही. चार-पाच वर्षं गेली, आप्पा एकदाही ऐकायला आले नाहीत. आणि मग एका वर्षी आमच्याच वस्तीत, घरापासून हाकेच्या अंतरावर, जयंतीला आमचा कार्यक्रम ठरला. दारातच कार्यक्रम म्हटल्यावर जाणार कुठं? त्यांनी शाबासकी द्यावी असं माझं म्हणणं नव्हतं. एकदा ऐकावं, एवढंच. त्यासाठी मी अगदी इरेला पेटलो होतो.

आणि नेमका तेव्हाच उंदरांनी स्पीकर खाल्ला.

आमची तालीम तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत चालायची. तिथं माणूस दारातच शिंकायला लागतो, उंदरांना मात्र त्याचं काही नव्हतं. स्पीकरचा कागदी पडदा त्यांनी फस्त केला आणि लोखंडी सांगाडा तेवढा माझ्यासाठी ठेवला. विलायती कागद त्यांना मानवला असावा.

जयंती पंधरा दिवसांवर आलेली. निपाणीच्या रेडिओ मेकॅनिककडं गेलो. त्यानं एक नजर टाकून निकाल दिला, "भोंगा बशीव. सदलग्यापत्तोर जाईल." भोंग्यातून खालचे सूर येत नाहीत, असं मी म्हणालो. तो माझ्याकडं कीव आल्यासारखा बघत राहिला. "ऐकू येत न्हाय त्ये वाजवायचं कशाला?" माझ्या पाच वर्षांच्या साधनेवर इतकी नेमकी टीका कोणी केली नव्हती. तिथून संकेश्वरला गेलो. तिथल्या मेकॅनिकनं दोन लहान स्पीकर जोडून दिले. पहिल्याच तारेला ते पिशवीत कोंबड्या कोंडल्यासारखे फडफडले.

राहिलं बेळगाव. आप्पा नुकतेच निवृत्त झाले होते आणि पेन्शनच्या कागदांसाठी त्यांनाही बेळगावलाच जायचं होतं. एकाच बसनं गेलो. ऑफिसात साहेब जागेवर नव्हते, दुपारी या असं कारकुनानं सांगितलं. उन्हात कुठं बसणार, म्हणून आप्पा नाइलाजानं माझ्याबरोबर स्पीकरच्या दुकानात आले. आत आल्यावर एका स्टुलावर बसले, छत्री गुडघ्यांत धरली आणि रस्त्याकडं तोंड केलं.

दुकानदार कन्नड, पण मराठी माझ्याइतकं बोलणारा. त्यानं तीन पंधरा इंची स्पीकर मांडले. पहिला कोरा, मधोमध चकचकीत रुपेरी टोपी. दुसराही कोराच. तिसरा धुळीनं माखलेला, बंद पडलेल्या कुठल्याशा थेटरातून पडद्यामागनं काढून आणलेला. आमच्याकडं स्पीकर वजनावर पारखतात. मागचं लोहचुंबक जितकं जड, तितका स्पीकर भारी. इतरांच्या या अडाणीपणाला मी नेहमी हसायचो. त्या दिवशी मीही एकेक स्पीकर दोन्ही हातांनी उचलून फणस घेणाऱ्यासारखी मान डोलावली आणि सगळ्यांत जड तो निवडला. पहिला.

"हा बांधा," मी म्हणालो.

"थांब."

आप्पा उठले होते. छत्री त्यांनी स्टुलावर ठेवली. उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या स्पीकरच्या पडद्यावर, कडेपासून जरा आत, हलकेच मारली आणि मान कलती करून ऐकलं.

"ह्ये तापलंय," ते म्हणाले. "वरच्यावर बोलंल. खाली उतरायचं न्हाय."

हलगी जाळावर धरली की तापते, कातडं आवळतं आणि आवाज वर चढतो, हे मला ऐकून माहीत होतं. दुकानदाराला नव्हतं. तो स्पीकरला हात लावून बघायला लागला. तोवर आप्पा दुसऱ्यापाशी गेले होते.

"ह्येचं कातडं लई ताणलंय."

"कागद आहे तो, अण्णा," दुकानदार म्हणाला.

"म्हायतंय."

तिसऱ्यावरची धूळ त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसली. दोन बोटं मारली. पुन्हा मारली. दोनाची चार झाली. आवाज असा भरीव आणि खोल आला की मी दचकलो. माझ्या जुन्या स्पीकरचा आवाज तोच होता.

"ह्यो घे."

"अण्णा, ही पारख कुठं शिकलात?" दुकानदारानं कौतुकानं विचारलं.

आप्पांनी हात मागं घेतला. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "कुठं न्हाय," म्हणाले आणि छत्री उचलून बाहेर जाऊन उभे राहिले. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, तितकाच आनंदही झाला.

परतीच्या बसमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्पीकर आप्पांनी आपल्या मांडीवर घेतला. मी घेतो म्हटलं तर "असूं दे." मी खिडकीशी बसलो. काकती मागं पडल्यावर शेजारी कागद वाजायला लागला. वळून पाहिलं, तर कागदावर आप्पांची बोटं. मी पाहिल्याबरोबर ती थांबली. मी पुन्हा बाहेर बघायला लागलो, तशी थोड्या वेळानं ती पुन्हा सुरू झाली. संकेश्वरचा ऊस आला आणि गेला. माझी मान अवघडली, पण निपाणीच्या स्टँडपर्यंत मी ती वळवली नाही.

जयंतीच्या संध्याकाळी पहिल्या रांगेत मी त्यांच्यासाठी खुर्ची धरली आणि तिच्यावर माझा टॉवेल टाकून ठेवला. स्टेजवरून आमच्या घराचं दार दिसत होतं. ते बंद होतं. दोन गाणी झाली, तरी बंदच. तिसरं गाणं रंगात आलं असताना प्रमुख पाहुण्यांच्या ड्रायव्हरनं टॉवेल बाजूला केला आणि त्या खुर्चीवर ऐसपैस बसला. कार्यक्रम संपल्यावर एक जण भेटला आणि म्हणाला, "नवा स्पीकर घातलास म्हनं? ऐकू तर कायबी आलं न्हाय."

सकाळी चहाला मी रागानं मान खाली घालून बसलो. आप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्याले.

"गानी कुठली म्हनत हुते, कळलं न्हाय," ते म्हणाले. "दार लावलं तं शब्द न्हाय, पेटी न्हाय. तुजं तेवढं भितीतनं येत हुतं."

मी मान वर केली. त्यांची नजर बशीतच होती.

"तिसऱ्याला पळलास. पुढं चालनाऱ्यानं पळू नये रं. मागच्या मानसांस्नी धाप लागती."

"व्हय," मी म्हणालो. तिसऱ्या गाण्यालाच त्यांची खुर्ची गेली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.