गिरजाबाईच्या तेरवीची पंगत

ईरा आणि निषाद,

मी घर सोडलं त्या सकाळी माझी बोटं पाकाने चिकट झाली होती. मी अकरा वर्षांची होते. अंगणात रेंगीला बैल जुंपले होते. मायने बुंदीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला, त्याला फडकं घट्ट बांधलं आणि ती आत गेली. बोलले ते बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा. "नीट शिक," ते म्हणाले, "पन जास्त इचार नोको करू."

रेंगी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून निघाली. पाळीच्या खालच्या अंगाला राखेचा काळा डाग अजून होता. तो जवळ आला तेव्हा बाबा उगीच बैलांशी बोलू लागले. अर्जुनीहून छोट्या आगगाडीने गोंदिया, तिथून मोठ्या गाडीने नागपूर, आणि नागपुरात मुलींच्या इंग्रजी शाळेचं वसतिगृह. बाबांनी वर्ग पाहिले नाहीत. त्यांनी मान वर करून कुंपणाची भिंत पाहिली, ती पुरेशी उंच वाटली तेव्हा फी भरली आणि ते परत गेले.

संध्याकाळी खोलीतल्या मुलींनी डबा उघडला. "किसकी शादी थी?" एकीने तोंडात बुंदी कोंबत विचारलं. मी म्हटलं, "दीदी की." ते खोटं नव्हतं. पण ती बुंदी लग्नाची नव्हती. ती माझ्या थोरल्या बहिणीच्या, गिरजाबाईच्या तेरवीची होती. आणि गिरजाबाई मेलेली नव्हती. ती देवरीकडच्या एका गावात आपल्या नवऱ्यासाठी भात रांधत होती.

हे क्रमाने सांगते, कारण ईराने मला पाठवलेल्या पानांत क्रम अजिबात नाही.

गिरजाबाई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, मी तिला नुसतं बाई म्हणते. तेंदूपत्त्याच्या दिवसांत गावात बिडीच्या पानांचे पुडे मोजून घ्यायला एक तरुण येत असे. तो गोंड होता. आपण तलाव बांधणाऱ्यांचे वंशज, धानाच्या शेतीवर जगणारे आणि त्याचा ताठा बाळगणारे. ती त्याच्याबरोबर निघून गेली. जातीतले चार लोक आपल्या ओसरीवर बसले, आणि उठताना ठरवून गेले की मुलगी मेली. पळसाच्या पानांची बाहुली केली, तिला बाईचं जुनं लुगडं गुंडाळलं आणि तलावाच्या काठी जाळलं. तेराव्या दिवशी सगळं गाव जेवलं. मीही जेवले. त्याच आठवड्यात, दुसरी मुलगी तरी हातची जाऊ नये म्हणून, मला त्या भिंतीआड नेऊन ठेवलं.

म्हणजे माझं इंग्रजी तिथून आलं. पुढे नागपूरचं कॉलेज, पुण्यातली शाळा, तिथे मुलांना वर्षानुवर्षं शिकवलेलं व्याकरण, तुमच्या आजोबांशी लग्न, तुमच्या बाबांचं शिक्षण आणि त्यांचं कॅनडाला जाणं, हे सगळं तिथूनच आलं. टोरांटोत तुम्ही ज्या उबदार खोलीत हे वाचत असाल, तिचा पाया त्या पंगतीत आहे. हे मला फार उशिरा उमगलं. तेव्हापासून माझ्या शिक्षणाचं कोणी कौतुक केलं की मला अवघडल्यासारखं होतं.

आता ईराची पानं. ती ज्या मालिकेच्या लेखनगटात आहे, तिथे प्रत्येकाने आपल्या घराण्यातलं एक गुपित आणायचं होतं. ईराने वडिलांकडून ऐकलेली गिरजाबाईची गोष्ट नेली. ती सगळ्यांना आवडली. अट एकच होती, बाई हयात असल्यामुळे तिचा होकार हवा. "आजी, तू फक्त मोठ्या आजीचा एक व्हिडिओ काढून पाठव, हो म्हणताना," ती मला कॉलवर म्हणाली. "माझं सगळं यावर आहे."

मी ती पानं दोनदा वाचली आणि मला किळस आली. शब्द तोलूनच लिहिते आहे.

वसतिगृहाच्या ग्रंथालयात मी अशी पुस्तकं ढिगाने वाचली. सिनेमे पाहिले, आता मोबाइलवर मालिकाही पाहते. प्रेम म्हणजे पाऊस. वियोग म्हणजे पांढरी साडी आणि मागे सारंगी. गुपित म्हणजे ट्रंकेच्या तळाशी सापडलेली एखादी वस्तू, आणि ती सापडली की सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. प्रेक्षक डोळे पुसतो आणि स्वतःला चांगला माणूस समजून झोपायला जातो. ज्यांनी माणसाला घराबाहेर काढलं, तेच शेवटच्या भागात सगळ्यांत जास्त रडतात. म्हणून त्यांना माफी.

या मालिकांना वाटतं, गुपित म्हणजे कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट. आमच्याकडे गुपित म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेली. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की जिची तेरवी आहे ती जिवंत आहे. तरी त्यांनी वाढून घेतलं. काहींनी पुन्हा मागितलं. ईरा, तुझ्या पानांत ही पंगतच नाही. तिथे फक्त दुरून धूर दिसतो, आणि धूर सुंदर दिसतो.

तुझ्या दुसऱ्या भागात माय पितृपक्षात मुलीच्या नावाने पान वाढून तलावाच्या काठी ठेवते, आणि मुलगी मोहाच्या झाडामागून येऊन ते खाते. माय पान ठेवायची हे खरं आहे. दरवर्षी, अविधवा नवमीला. ते कुत्री खायची. मायची आणि तिची पुन्हा कधीच भेट झाली नाही. तुझ्या तिसऱ्या भागात बाबा मरताना मुलीचं नाव घेतात. बाबांनी शेवटचं विचारलं ते धानाला मिळणाऱ्या धरणाच्या पाण्याचं, "इटियाडोहचं पानी सोडलं का?" सोडलं आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या मनात आणखी काही असेलही. पण ते बोलले नाहीत, आणि न बोललेल्याला आपण वाक्यं द्यायची नाहीत.

तरीही नकार देणारी मी कोण? गोष्ट माझी नव्हती. म्हणून मी पुण्याहून गोंदियाची गाडी पकडली.

आधी गावी गेले. आपल्या घरात आता माझा भाचा प्रदीप राहतो, माझ्या भावाचा मुलगा. मालिकेची बातमी त्याच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती. "आत्या, शूटिंग आपल्याच घरी करायले लावा," तो म्हणाला. "लोकेशन एक नंबर. पाळीवरचा सूर्यास्त तर पूछो मत."

मी म्हटलं, "ठीक आहे. त्याआधी गिरजाबाईला चार दिवस इथे घेऊन येते."

"कोन गिरजाबाई?"

"तुझी मोठी आत्या."

त्याने कप खाली ठेवला. "आत्या, तुम्ही शिकलेल्या आहा, तुमाले काय सांगाचं. तिची तेरवी झाली आहे. नवमीले अजून पान ठेवतो आमी. असं मानूस घरात घेतलं अन् काही उलटंसुलटं झालं तं? घरात लेकरं आहेत माझे."

"आणि तिची भूमिका करणारी नटी आली तर?"

"तिले कायचा प्रॉब्लेम?" तो हसला. "माजघरात कूलर लावून देऊ."

"आंघोळीले गरम पानीही देऊ," आतून त्याची बायको म्हणाली. "हिरोइन कोन हाय, आत्या? नाववाली हाय का?"

ही माणसं वाईट नाहीत. मला रिक्षापर्यंत सोडायला प्रदीप स्वतः आला, माझी पिशवी त्याने धरली. त्यामुळेच मला जास्त शिसारी आली. माझ्या बहिणीचं सोंग आणणारी परकी मुलगी त्या घरात झोपेल, आणि माझी बहीण त्याच्या ओट्यावर टेकू शकणार नाही. आणि यात काही विपरीत आहे असं त्या घरात कोणाला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसने देवरीला गेले. बाबा गेल्यानंतर मी बाईला शोधून काढलं होतं, तेव्हापासून दरवर्षी जाते. नवरा वारल्यापासून ती धाकट्या मुलाकडे, रायपूर रस्त्याच्या जरा आत राहते. ऐंशी ओलांडली आहे, पण अंगणात बसून चिंच फोडत होती.

"काय व शालू, उनातानाची कायले आली?"

मी सांगितलं. नातीला तुझी गोष्ट हवी आहे, टीव्हीसाठी.

"कोनती गोठ?"

"लग्नाची. आणि तेरवीची."

इतक्या वर्षांत आम्ही दोघी हा शब्द बोललो नव्हतो. ती थोडा वेळ चिंचोके बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "माह्या तेरवीले काय काय केलतं व?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा विचारलं. "तू तं जेवली असशीन. काय होतं पंगतीत?"

मी सांगितलं. वरण, भात, कोहळ्याची भाजी, कढी, वडे. आणि बुंदी.

"बुंदी?" ती म्हणाली. "माह्या जितेपनी बाबानं मले दिवाळीलेही बुंदी नाई चारली. मेली तं पुऱ्या गावाले चारली." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी प्यायल्यावर म्हणाली, "वडे कसे झालते?"

"चांगले."

"मंग मायनंच केले असतीन. बाकीच्यायचे वडे तेल पेत." मग तिने विचारलं, "माय जेवली?"

"नाही."

तिने मान हलवली आणि पुढची चिंच घेतली.

मी तिला ईराचा पहिला भाग मराठी करून वाचून दाखवला. त्यात ती आणि भाऊजी भर पावसात तलावाच्या काठी भेटतात. तिने मला मध्येच थांबवलं. "तेंदूपत्ता उनाळ्यात तोडते. पानी आलं असतं तं पत्ता सडला असता, काम बंद झालं असतं अन् हा आपला घरी गेला असता. माहं लगनच नसतं झालं."

"मग कसं झालं?"

"तो पानी मागे," ती म्हणाली. "पेल्यावर लोटा घासून, उपडा घालून देये. आपल्या घरचे लोक तसंच करू देत त्याले. एक दिवस मी म्हनलं, राहू दे, मी घासीन. त्यानं माह्याकडं पाह्यलं." तिने एक चिंचोका बाजूला टाकला. "बस. येवढंच व. आता यात नाचाले जागा कुठं हाय?"

मग मी प्रदीपचं बोलणं सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण तिला अर्धवट माहिती देऊन तिचा होकार किंवा नकार घेणं बरोबर नव्हतं. ऐकताना तिचे हात थांबले.

"मंग त्या नटीले सांगजो," ती म्हणाली, "माय तांदूर निवडाले बसे त्या खिडकीत बस. अन् मले कळव म्हना, तिथून तलाव दिसते का अजून."

मला ते ठाऊक होतं. "नाही दिसत, बाई. प्रदीपने तिथे बाथरूम बांधलं आहे."

"असं." तिने पदराने हात पुसले. "मंग तिथं पाहासारखं काही राह्यलं नाई."

व्हिडिओ काढू का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली. "त्यायले रडाले पायजे. मी सुखानं राह्यली व. चांगला मानूस होता. मी त्यायले काऊन रडवू? पोरीले सांग, मोठी आजी नाई म्हने. रागानं नाई, नुसतं नाई."

तेव्हा ईरा, उत्तर नाही असं आहे. नावं बदलून, गाव बदलून लिहीन असं तू म्हणशील. नटी कोणत्याही नावाने आली तरी त्या माजघरात तिलाच जागा मिळेल, बाईला नाही, आणि पाहणारे रडून मोकळे होतील. तुझी त्या गटातली जागा जाणार असेल तर मला वाईट वाटेल. तरीही उत्तर बदलणार नाही. तू हुशार आहेस, दुसरं काही लिहिशील. ती ऐंशीच्या पुढे आहे. तिच्यापाशी एवढंच आहे, आणि ते तिने आपल्यापाशी ठेवायचं ठरवलं आहे.

तुम्ही दोघं मला नेहमी विचारता, पुण्यात इतकी वर्षं काढूनही मी घर म्हणजे गोंदिया का म्हणते. मी तसं म्हणायची तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तलावाकाठचं ते घर असे, जिथून मला डबा देऊन पाठवलं. या खेपेपासून तसं होत नाही. ज्या घरात जिवंत मुलीचं पान कुत्र्यांपुढे ठेवतात आणि तिला आत घेत नाहीत, त्या घराशी माझा संबंध आडनावापुरता राहिला. आता घर म्हटलं की मला चिंचेच्या ढिगामागे बसलेली एक म्हातारी दिसते, जी मला उन्हात का आलीस म्हणून रागावते.

तुम्ही याल तेव्हा नागपूरला उतरा आणि रायपूरकडे जाणाऱ्या बसने सरळ देवरीला या. कॅमेरा नको. निघण्याआधी तिला फोन करा, तिला मोठ्याने बोललेलं ऐकू येतं. तुझ्यासाठी काय खायला करून आणू, असं तिला विचारा. ती जिवंत आहे, ती सांगेल.

तुमची आजी