चिंचेचं गाणं आणि बेबीताई

बेबीताईंचं गाणं कुणी लावलं, की बेबीताई उठून स्वयंपाकघरात जायच्या. घरी पाहुणे आले की भावोजी, म्हणजे त्यांचे यजमान, चहाच्या आधी टेपरेकॉर्डर पुढे ओढायचे. अकरा वर्षांच्या मुलीचा खणखणीत आवाज खोलीत घुमायचा, पाहुणे "अरे, हे गाणं!" म्हणत माना डोलवायचे आणि जिचं गाणं ती बाई आत घासलेलीच भांडी पुन्हा घासत उभी असायची. कुवेतमधल्या अब्बासियात त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर मी राहायचे. माझ्या चौकस स्वभावाला आमच्या घरात 'चौकशी आयोग' म्हणतात. त्यामुळे हे असं का, हे कळल्याशिवाय मला चैन पडणं शक्यच नव्हतं.

कॅसेटवर दोन रिबिनी बांधलेल्या मुलीचा फोटो होता आणि खाली 'बेबी चंद्रकला' असं नाव. लहान वयात नाव झालेल्या मुलींना हे 'बेबी' चिकटतं ते निघता निघत नाही. मी त्यांना भेटले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या तिशी ओलांडलेल्या, दोन मुलांची आई, तरीही साऱ्या मराठी मंडळींच्या बेबीताईच. खालचा मलबारी दुकानदारही त्यांना 'बेबीचेच्ची', म्हणजे त्याच्या भाषेत बेबीताईच, म्हणायचा. केरळात 'बेबी' हे मोठ्या माणसांचंही नाव असतं, त्यामुळे त्या एकट्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नसे.

गाणं होतं चिंचेचं. सासरी निघालेली नवरी म्हणते, परसातल्या चिंचा पिकल्या की येईन, आज नको. पोरीच्या आवाजात ते इतकं खट्याळ वाटायचं की मराठवाड्यात एके काळी त्याच्याशिवाय वरात निघत नसे. भावोजींनी तर ती कॅसेट ऐकूनच मुलीला मागणी घातली होती आणि कुवेतला येताना पासपोर्टबरोबर तीही खिशात ठेवली होती.

माझी चौकशी भाजी निवडताना चालायची. बेबीताई एका वेळी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आणि "आज एवढंच पुरे" म्हणून उठायच्या. त्यामुळे त्यांची कीर्ती मला मेथीच्या एकेका जुडीबरोबर कळत गेली. आधी गावची जत्रा. "कीर्तनाला माणसं जमावीत म्हणून मला आधी उभं करायचे. भोंग्यासारखा वापर व्हता माझा." मग मुंबईतला स्टुडिओ. "माईक लई उंच. मला तेलाच्या डब्यावर उभं केलं अन् सांगितलं, हलायचं न्हाई, पत्रा वाजतो. आख्खी कॅसेट मी पुतळ्यावाणी गायले."

त्यानंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, शाळांच्या पटांगणात, पुढाऱ्यांच्या सभांआधी गाणीच गाणी. पंधराव्या वर्षी आवाज जड झाला, खाली उतरला. पण सुपाऱ्या थांबेनात. मग आयोजकांनी युक्ती काढली. पडद्यामागे कॅसेट लावायची आणि हिनं फ्रॉक घालून नुसते ओठ हलवायचे. एका जत्रेत टेप अडकली. आवाज बंद पडला आणि हिचे ओठ हलतच राहिले.

"लोक हसले, त्याचं काही न्हाई," बेबीताई म्हणाल्या. "पण टेप थांबली तशी मी खरंच गायला लागले, माझ्या आवाजात. तर लोक वरडले, ही कोण? आमची बेबी आणा."

त्या दिवशी मेथी तशीच राहिली. "म्हणून गाणं सोडलंत?" मी विचारलं. "गाणं न्हाई सोडलं. लोकान्ला ऐकवणं सोडलं. त्यांना ती पायजे. मी कुठून आणू?"

मी नाशकाहून येताना पेटी आणली होती. दुसऱ्या दिवशी ती खाली नेली. कॅसेटमधली मुलगी काळी पाचमध्ये गायली होती. बेबीताईंचा आवाज खाली पांढरी चारला येऊन निवांत टेकला. त्या सुरात ते गाणं आपोआप संथ झालं. शब्द तेच, पण आता ती नवरी खट्याळपणा करत नव्हती. तिला खरोखरच जायचं नव्हतं.

हे सगळ्यांनी ऐकायलाच हवं, म्हणून मी त्यांच्या इतकी मागे लागले की अखेर इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला त्या तयार झाल्या. अट एकच, बेबी म्हणायचं नाही. सूत्रसंचालकांनी सवयीनं "आपली लाडकी बेबी" म्हटलंच. शाळेच्या हॉलमधली खुर्ची न् खुर्ची भरली होती. पेटी घेऊन मी बेबीताईंच्या शेजारी बसले.

त्या गायल्या आणि हॉलमध्ये कुणी टाळीच वाजवली नाही. मी मंचावर होते, मला समोरचं दिसत होतं. वर्षाकाठी महिनाभर माहेरी जाऊन येणाऱ्या त्या बायका पदरानं डोळे टिपत होत्या. भावोजी मात्र बाजूला साउंडच्या टेबलापाशी उभे होते. त्यांना वाटलं, गाणं पडलं. बायकोची लाज राखायला त्या भल्या माणसानं खिशातली कॅसेट काढली आणि लावली.

पोरीचा आवाज हॉलभर घुमला. आता या उठून जाणार, आणि पुन्हा कधी गाणार नाहीत, याची मला खात्री होती. बेबीताई उठल्या नाहीत. गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून त्यांनी सबंध गाणं ऐकलं. मग माईक ओढून म्हणाल्या, "चांगलं गायची पोरगी. बेबी ती. माझं नाव चंद्रकला." टाळ्या त्यानंतर सुरू झाल्या.

चंद्रकलाताई त्यानंतर दरवर्षी गायल्या. पुढे भावोजींची नोकरी संपली आणि ती मंडळी कायमची लातूरकडे निघाली. आदल्या संध्याकाळी बॅगा बांधायला मी खाली गेले होते. चौकशी आयोगाचा एक प्रश्न शिल्लक होता. "त्या दिवशी उठून का नाही गेलात?"

त्यांनी कॅसेट रुमालात गुंडाळून साड्यांच्या मधोमध ठेवली.

"निघालेच व्हते. पण किती बारकी व्हती गं ती. एवढ्या सगळ्यांनी ऐकलं तिला, अन् डब्यावरून खाली उतर म्हणायला कुणीच न्हवतं."