हात लावू नको, हिराबाई

मार्गारेटचा बार गुडघ्यापाशी अडकला, आणि आमच्या हिराबाईनं सरळ स्टेजवर चढून त्याचं एक टोक धरलं.

हॉलमध्ये हशा पिकला. तिची कोच मी. मला काही हसू आलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. ऑस्ट्रेलियाचा बायकांचा संघ लोणावळ्यात पॉवरलिफ्टिंगला आला होता. त्या दिवशी फक्त डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलायचा आणि ताठ उभं राहायचं. प्रत्येकीला तीन अटेम्प्ट. हेवीवेटमध्ये चुरस दोघींची: मार्गारेट आणि जवळच्याच औंढे गावची हिराबाई. हिराबाई आंबीच्या एका कारखान्यात हंगामी कामाला. मॅनेजरनं सांगितलं होतं, पहिली आलीस तर कायम करतो. दोन अटेम्प्टनंतर ती पुढे होती. मार्गारेटचा शेवटचा फसला असता, तर तिथंच काम फत्ते झालं असतं.

दुसऱ्याचा हात लागला की लिफ्ट बाद. पण चूक खेळाडूची नसेल तर तिला पुन्हा संधी मिळते. रेफ्री माझ्याकडे वळले. "मार्गारेटला परत चान्स. आणि कोच, तुमची बाई पुन्हा मधे आली तर स्पर्धेबाहेर."

मी हिराबाईला कोपऱ्यात घेतलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिचा बार पडला असता तर तू जिंकली होतीस."

"ठावं हाय की बाई. पर वझं अडाकल्यालं दिसलं अन् हात आपसूक गेला. आमच्यात भारा उचलणारीला हात लावल्याबिगर कुनी फुडं जात न्हाई."

खरंच होतं ते. औंढ्याच्या बांधावर मी स्वतः पाहिलं होतं. राग मात्र जात नव्हता.

दम खाऊन मार्गारेट आली आणि या खेपेला तिनं बार उचलला. आता ती पुढे. हिराबाईचा एकच अटेम्प्ट उरला होता. मी आणखी पाच किलो चढवायला सांगितले.

"जमेल ना गं?"

"तुमी नुस्तं हितं उभ्या ऱ्हावा."

बार उठला, आणि नेमका गुडघ्यापाशी अडकला. स्टेजच्या कडेला उभी असलेली मार्गारेट एक पाऊल पुढे आली. तिचा हातही पुढे गेला. मग तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि दात आवळून उभी राहिली. हिराबाई इंचाइंचानं ताठ झाली. तीन पांढरे दिवे लागले. लिफ्ट पास.

बार खाली ठेवून हिराबाई मार्गारेटकडे वळली. "मडम, आता लाव की हात."

शब्द कळले नसतील, पण मार्गारेट आली. दोघींनी दोन टोकं धरली आणि तो बार उचलून बाजूला नेऊन ठेवला. वजनं लावणारी पोरं बघत राहिली.

हिराबाई कायम झाली. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी बजावते, दुसरीच्या बारला हात लावायचा नाही. मावळातल्या मुलींना हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मीही घाई करत नाही.